फाटक आणि ऊसगाड्या : राज्यातल्या साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे मा. अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि मुख्य शेतकी अधिकारी

विषय : ऊस वाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरांना रेल्वे फाटकावरच्या पाट्या आणि इशारे शिकवण्याबाबत

स. न. वि. वि.

दसरा उरकला की बॉयलर पेटतील, मोळी टाकायचा मुहूर्त निघेल आणि त्याच आठवड्यापासून तुमच्या कार्यक्षेत्रातल्या रेल्वे फाटकांवर डबल ट्रॉलीच्या रांगा लागतील. मी तुमच्यासारख्याच एका कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद आहे. नोकरी मात्र सगळी रेल्वेत झाली, गेटमन म्हणून. माझाही ऊस त्याच रस्त्यानं जातो, आणि ऊस भरलेला ट्रॅक्टर फाटकावर काय काय करतो ते मी गुमटीत, म्हणजे फाटकाशेजारच्या गेटमनच्या खोलीत, बसून पाहिलं आहे. त्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

मागणी एकच आहे. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला अर्धा दिवस बसवून फाटक शिकवा. करारावर सही करणाऱ्या वाहतूकदाराला नव्हे, स्टिअरिंगवर बसणाऱ्या पोराला. दोघं बहुतेक वेळा वेगळे असतात हे शेतकी खात्याला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, फाटक काय शिकवायचं? पडलं की थांबायचं, उघडलं की जायचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मीही कदाचित वाद घातला नसता. तेव्हा आपल्या भागातल्या बऱ्याच मार्गांवर एकच रूळ होता, डिझेल इंजिन धडधडत यायचं, कोसभर आधी कानावर पडायचं. आता पुणे-मिरज बघा, दौंड-मनमाड बघा. दुहेरीकरण झालं किंवा होत आलं, डोक्यावर तारा आल्या, विजेवरचं इंजिन जवळ येईपर्यंत फारसा आवाज करत नाही आणि वेग वाढला तो वेगळाच. रस्ता तोच, गुमटी तीच, वळणावरचं बाभळीचं झाड तेच. म्हणून ड्रायव्हरला वाटतं फाटकही तेच आहे. बापाबरोबर बैलगाडीत बसून त्यानं जे फाटक पाहिलं त्याच हिशेबानं तो आज वीस-पंचवीस टन ऊस घेऊन रूळ ओलांडतो.

आधी पाट्यांचं बोलू. रस्त्याच्या कडेला लाल किनारीचा त्रिकोण असतो, त्यात कुंपणासारखं फाटक काढलेलं असतं. याचा अर्थ पुढं पहाऱ्याचं फाटक आहे, माणूस आहे. त्याच त्रिकोणात वाफेचं इंजिन काढलेलं असेल तर पुढं फाटक नाही, माणूस नाही, जे काही बघायचं ते तुझं तू बघ. (वाफेची इंजिनं मुख्य मार्गांवरून जाऊन जमाना झाला, पाटीवर मात्र धूर अजून निघतोय.) हे दोन त्रिकोण बरेच जण ओळखतात. त्रिकोणाखालच्या आडव्या पट्ट्या मात्र मी ज्यांना ज्यांना विचारल्या त्यांतल्या फार थोड्यांना सांगता आल्या. दोन पट्ट्या म्हणजे फाटक दोनशे मीटरवर. एक पट्टी म्हणजे पन्नास ते शंभर मीटरवर. बस, एवढंच. पण भरलेल्या डबल ट्रॉलीसाठी हे एवढंच फार मोलाचं आहे. दोन पट्ट्या दिसल्या की टेप बंद, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, मागं कोण चिकटून येतंय ते बघितलं. एक पट्टी दिसली की खालचा गिअर टाकला आणि तो पलीकडं जाईपर्यंत बदलायचा नाही. ट्रॅक्टर रुळांमध्ये बंद पडला असं सांगत येणाऱ्या ड्रायव्हरला मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, गिअर कुठं बदलला? उत्तर ठरलेलं, चढावर. फाटकाचा रस्ता बहुतेक ठिकाणी दोन्हीकडून चढणीचा असतो, रूळ भरावावर असतात. चढ अर्धा झाल्यावर दम लागतो म्हणून गिअर बदलायला जातात, मागची ट्रॉली ओढते, पुढची चाकं उचलतात आणि गाडी तिथंच बसते.

पाटीनंतर गतिरोधक येतो. तो फाटकाच्या आधी मुद्दाम घातलेला असतो, वेग मरावा म्हणून. भरल्या ट्रॉलीला त्याचा आणखी एक त्रास आहे, जो पाटीवर कुठंच लिहिलेला नसतो. गचका बसला की हुकातली पिन उडते. पिनेला खिळा किंवा साखळी लावलेली असेल तर ठीक, नसेल तर पुढची ट्रॉली पलीकडं आणि मागची रुळावर. ड्रायव्हरला कधीकधी पन्नास फूट पुढं गेल्यावर कळतं. हे फाटकावर शिकवून होणार नाही, फडातून गाडी निघतानाच बघायला हवं. तुमच्या काट्यावर वजन करणारा माणूस आहे, चिटबॉय आहे, गट ऑफिसचा माणूस आहे. पिनेकडं बघणारा कुणीच नाही.

मग येतो हाइट गेज. रुळांच्या अलीकडं रस्त्यावर जी लोखंडी कमान असते, तिला आमच्याकडं बरेच जण 'रेल्वेची कमान' म्हणून सोडून देतात, कुणीतरी सत्काराला उभारलेली असावी तशी. ती मापाची कमान आहे. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट आहेत. त्या तारेला हात लागायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. म्हणून पावणेपाच मीटरच्या आसपासची ती आडवी दांडी लावलेली असते. जे तिच्याखालून सरळ जाईल ते तारेखालून सुखरूप जाईल. उसाची ट्रॉली एरवी तेवढी उंच जात नाही, पण वर वाढ्याचे भारे रचले, त्यावर दोन माणसं बसली आणि त्यातल्या एकाच्या हातात कोयता किंवा लोखंडी बार असला, की हिशेब बदलतो. दांडीला वाढं घासलं तर ड्रायव्हर काय करतो? खाली उतरत नाही. वरच्या माणसाला ओरडतो, "जरा दाबून धर रं!" आणि पुढं घालतो. कमानीला घासणं हाच इशारा आहे, तो शेवटचा आहे, आणि तो ऐकायला माणूस वरच बसलेला आहे. माझी सूचना अगदी स्वस्तातली आहे. प्रत्येक मुकादमाला मापाचा एक बांबू द्या, लाल रंगानं खूण केलेला. फडातच उभा करून बघायचा. आणि फाटक ओलांडताना मोळीवर माणूस नको, ही अट करारात घाला.

आता प्रत्यक्ष फाटक. इथं मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण सगळे गैरसमज इथंच आहेत आणि शिव्याही मी इथंच खाल्ल्या आहेत.

"गेट एवढं आधी कशाला पाडता ओ? गाडीचा पत्ता नाही." हा प्रश्न मला रोज ऐकू यायचा. कारण असं आहे. वेगातली रेल्वेगाडी ब्रेक मारल्यावर थांबायला साधारण एक किलोमीटर घेते. म्हणून फाटक बंद असल्याची खात्री गाडी त्याच्याही मागं असतानाच व्हावी लागते. स्टेशन मास्तर फोन करतो, मी विंचचं हँडल फिरवून दांडे खाली घेतो, कुलूप लावतो, आम्ही एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीसाठीचा खुणेचा आकडा, देतो, दोघांच्या वहीत तो लिहिला जातो. इंटरलॉक केलेल्या, म्हणजे सिग्नलशी जोडलेल्या, फाटकावर तर मी कुलूप लावल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, म्हणजे गाडीला यायची परवानगीच मिळत नाही. आणि एकदा सिग्नल पडला की मला वाटलं तरी फाटक उघडता येत नाही, चावी अडकलेली असते. खिडकीशी येऊन "दोन मिनिटं उघड, पाच गाड्या काढतो" म्हणणाऱ्याला हे समजावून सांगायला मला कधी वेळ मिळाला नाही. तुमच्या सभेत मिळेल म्हणून लिहितोय.

दुसरं, फाटक पडायला लागतं तेव्हाच भोंगा वाजतो किंवा घंटा होते, दांड्यावरची लाल तबकडी आणि रात्री लाल दिवा रस्त्याकडं असतो. भोंगा म्हणजे 'घाई कर' असा निरोप आहे, असं निम्म्या रस्त्याला वाटतं. दांडा अर्ध्यावर असताना मोटारसायकली वाकून जातात, त्यांच्यामागं जीप, जीपच्या मागं आपला ट्रॅक्टर. मोटारसायकल निसटते. ट्रॅक्टरची पहिली ट्रॉली निसटते. दुसऱ्या ट्रॉलीच्या मोळीवर दांडा येऊन पडतो. मग मी दांडा वर घेऊ की खाली? सिग्नल द्यायचा बाकी असेल तर स्टेशन मास्तरला सांगून थांबवतो. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर तो आधीच दिलेला असेल तर परमेश्वर.

हिशेब मांडून दाखवतो, कारण ड्रायव्हरांना हिशेब आवडतो, खेपांवर त्यांचं पोट आहे. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी धरा पंधरा-सोळा मीटर. दुहेरी मार्गावर एका दांड्यापासून दुसऱ्या दांड्यापर्यंत धरा वीस मीटर. म्हणजे मागची ट्रॉली पूर्ण बाहेर पडेपर्यंत ट्रॅक्टरला पस्तीस-छत्तीस मीटर जायचंय. चढावर भरलेला ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं चालतो, ताशी पाच किलोमीटर. म्हणजे पंचवीस सेकंदांच्या वर. ताशी 110 किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्या वेळात पाऊण किलोमीटरहून जास्त अंतर तोडते. ट्रॅक्टर रुळांवर चढला तेव्हा गाडी वळणाआड असेल, ड्रायव्हरला दिसणारही नाही. आणि दिसली तरी फसगत आहे. लांबून समोरून येणारी मोठी वस्तू नेहमी हळू येतेय असं डोळ्याला वाटतं. गाडी अजून लांब आहे, निघून जाऊ, हा अंदाज चांगल्या चांगल्यांचा चुकतो.

रूळ ओलांडायला सुरुवात करण्याआधी ड्रायव्हरनं स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: पलीकडं माझ्या सगळ्या लांबीला जागा आहे का? नसेल तर फाटक उघडं असलं तरी अलीकडंच थांबायचं. या बाबतीत थेट तुम्हालाच दोष देतो. कारखान्याच्या जवळ फाटक असेल तर हंगामात केनयार्ड, म्हणजे ऊसगाड्या उभ्या करायचं आवार, भरलं की रांग रस्त्यावर येते, रस्त्यावरून मागं सरकत फाटकापर्यंत आणि कधीकधी फाटकात. आत अडकलेल्या ट्रॅक्टरला पुढंही जाता येत नाही आणि मागंही. एवढ्या ट्रॉल्या मागं घेणं रात्री अडीच वाजता कुणालाच जमत नाही. ही ड्रायव्हरची बेशिस्त नव्हे, तुमच्या यार्डाचं नियोजन आहे. गाळप क्षमता रोजची ठरलेली असते, तोडणीचा प्रोग्रॅम तुम्हीच देता. तर मग फाटकाच्या अलीकडं एखाद्या मोकळ्या माळावर गाड्या थोपवून, टोकन देऊन सोडायला काय हरकत आहे? काही ठिकाणी होतंही असेल, त्यांचं कौतुक.

दुहेरी मार्गाचा एक सापळा वेगळा सांगतो. एक गाडी गेली, फाटक मात्र उघडत नाही. रांगेत आरडाओरडा सुरू होतो, "गेली की गाडी! झोपला का काय?" झोपलेला नसतो. दुसऱ्या रुळावरून दुसरी येत असते. पहिल्या गाडीच्या आवाजात तिचा आवाज ऐकू येत नाही, तिच्या डब्यांआड ती दिसत नाही. सायकल घेऊन दांड्याखालून निघालेली माणसं या दुसऱ्या गाडीखाली सापडतात. ऊसतोडीच्या बैलगाड्यांना हे आणखी जपून सांगावं लागेल. इंजिनाच्या हॉर्ननं बैल बुजतात. दांड्याला टेकून बैलगाडी उभी करू नका, चांगलं अंतर सोडा. पुढच्या माणसानं बैलांच्या तोंडाशी उभं राहावं. गाडीवर बायका-पोरं असतात, ती रेल्वे येण्याआधीच खाली उतरलेली बरी.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, प्रत्येक फाटकावर माणूस आहे ना, मग? आहे. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं रेल्वेनं 31 जानेवारी 2019 पर्यंत संपवली, आणि ते मोठं काम झालं यात शंका नाही. त्याआधी काय व्हायचं हे विदर्भातल्या मंडळींना आठवत असेल. 3 फेब्रुवारी 2005 ला नागपूरजवळ कन्हान इथं लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला बिनपहाऱ्याच्या फाटकात रेल्वेची धडक बसली. पन्नासहून जास्त माणसं गेली. ट्रॅक्टर-ट्रॉलीच होती, आपल्यासारखीच. 26 एप्रिल 2018 ला उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेची व्हॅन अशाच फाटकावर सापडली, तेरा मुलं गेली. त्या ड्रायव्हरच्या कानात इअरफोन होते असं तेव्हा सांगितलं गेलं. ट्रॅक्टरवर कर्णे लावून टेप वाजवणाऱ्या आपल्या पोरांना हे उदाहरण सांगा. दोन पट्ट्यांची पाटी दिसली की टेप बंद, असं वर लिहिलं ते उगीच नाही.

पण माणूस आहे म्हणून डोळे मिटून जावं असाही अर्थ काढू नका, हे मी स्वतः गेटमन असून सांगतो. 8 जुलै 2025 ला तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम इथं शाळेच्या व्हॅनला गाडी धडकली, तीन मुलं गेली. त्या फाटकावर गेटमन होता. फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं, म्हणजे फाटक बंद आहे की नाही याच्याशी सिग्नलचा संबंध नव्हता, सगळा भार फोनवर आणि माणसावर. गेटमनवर कारवाई झाली. त्यानंतर रेल्वेनं सगळ्या फाटकांवर सीसीटीव्ही लावायचे आणि कमी वर्दळीची फाटकंही इंटरलॉक करायचे आदेश काढले. चांगलं झालं. बारा-बारा तासांच्या पाळीत, रात्री तीनच्या सुमाराला, माणसाचं काय होतं हे मला माहीत आहे. त्यामुळं फाटक उघडं दिसलं तरी मान दोन्हीकडं वळवायची. कायदा तर बिनपहाऱ्याच्या फाटकावर याहून जास्त सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 131 म्हणतं की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, क्लीनरनं किंवा बरोबरच्या माणसानं चालत जाऊन दोन्ही बाजू बघायच्या आणि मग गाडी पार करून द्यायची. बरोबर कुणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतही बिनपहाऱ्याच्या फाटकावरची खबरदारी हा विषय नियमानंच ठरवून दिलेला आहे. गंमत अशी की ती फाटकं गेली आणि विषय राहिला. आज ज्या फाटकावरून आपला ऊस जातो, दोन रुळांचं, तारांचं, इंटरलॉकचं, त्याबद्दल ड्रायव्हरला वेगळं असं कुणी काही शिकवत नाही. शिवाय साठ टक्के उत्तरं बरोबर आली की लायसन्स मिळतं, तेव्हा फाटकाचा प्रश्न चुकूनही माणूस पास होतो. आणि बैलगाडीवाल्याला तर लायसन्सच लागत नाही.

शिक्षेचंही सांगून टाका, लपवण्यात अर्थ नाही. रेल्वे कायदा 1989, कलम 160. बंद फाटक परस्पर उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. फाटक मोडलं तर पाच वर्षांपर्यंत. दांडा मोडून 'गेटचं नुकसान भरून देतो की' म्हणणारे वाहतूकदार मला भेटलेत. भरून देण्यापुरतं ते प्रकरण नसतं.

बंद केलेल्या फाटकांचाही एक उल्लेख करतो. उड्डाणपूल झाला की जुनं फाटक कायमचं बंद करतात, पण जुना रस्ता रुळांपर्यंत जातोच. मार्च 2025 मध्ये जळगाव जिल्ह्यात बोदवडजवळ धान्याचा ट्रक अशाच बंद केलेल्या फाटकाच्या जागेतून रुळांवर आला आणि मुंबई-अमरावती एक्सप्रेस त्याला धडकली. जीवितहानी झाली नाही, नशीब. आपल्याकडं काही ठिकाणी फाटकाच्या बदल्यात भुयारी मार्ग दिलेत. पावसाळ्यात त्यात पाणी, आणि हंगामात उसाची ट्रॉली त्यात शिरत नाही. मग सगळी वाहतूक उरलेल्या एका फाटकावर येते. रेल्वे फाटकावरची रहदारी मोजते, किती गाड्या, किती वाहनं, आणि त्या गुणाकारावर फाटकाचं भवितव्य ठरवते. ही मोजणी भर हंगामात व्हावी असं एक पत्र विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना तुमच्या लेटरहेडवर गेलं तर त्याला वजन येईल. मी पाठवलेल्या पत्राला किती येतं ते मला ठाऊक आहे.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटाकडं ठेवलंय, कारण ते घडल्यावर शिकवायला वेळ नसतो. गाडी रुळांत अडकली तर काय करायचं?

ड्रायव्हर पहिलं काम करतो ते सेल्फ मारत बसण्याचं. मुकादमाला फोन, मालकाला फोन, दुसरा ट्रॅक्टर मागवणं. ट्रॅक्टर कर्जाचा असतो, ऊस दुसऱ्याचा असतो, सोडवत नाही. पहिलं काम वेगळं आहे. सगळी माणसं खाली उतरवायची आणि रुळांपासून लांब न्यायची. कुठल्या बाजूला? ज्या दिशेकडून रेल्वे येणार त्या दिशेला, रुळांपासून तिरकं बाहेर. उलट्या दिशेला पळालं तर धडकेनंतर ट्रॉलीचे तुकडे आणि ऊस अंगावर येतो. हे डोक्यात लवकर बसत नाही, म्हणून जमिनीवर काडीनं रेघ ओढून दाखवावं लागतं. दुसरं, त्याच वेळी एकानं पळत गेटमनकडं जायचं. मालकाआधी गेटमन. तो स्टेशनला कळवतो, सिग्नल थांबवता येत असेल तर थांबवतो.

आणि गेटमन काय करतो ते ऐका. लाल झेंडा, रात्री लाल दिवा आणि फटाके घेऊन तो येणाऱ्या गाडीच्या दिशेनं पळतो. फटाके म्हणजे रुळावर लावायचे डेटोनेटर, चाकाखाली आले की फुटतात आणि इंजिन ड्रायव्हरला कळतं की पुढं धोका आहे. एक सहाशे मीटरवर लावायचा, मग बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. बाराशे मीटर, खडीवरून, अंधारात, एकटा. मार्ग दुहेरी असेल तर दुसऱ्या बाजूचा प्रश्न वेगळाच. जे अंतर पळायला धडधाकट माणसाला पाच-सहा मिनिटं लागतात ते गाडी चाळीस सेकंदांत येते. त्याच्या जोडीला एक माणूस द्या. ट्रॉलीच्या मागं तुम्ही लाल फडकं बांधायला लावता ना, तेच सोडून दुसऱ्या बाजूला पळायचं. रात्री हातात काहीच नसेल तर मोबाइलचा टॉर्च जोरजोरात आडवा हलवायचा. रेल्वेत जोरानं हलवलेला कुठलाही दिवा म्हणजे 'थांब'. गेटमन सापडत नसेल तर 139 वर फोन करायचा आणि फाटकाचा नंबर सांगायचा. तो फाटकावर लिहिलेला असतो. जाता-येता वाचून ठेवला तर.

एक पाटी मात्र तुमच्यासाठी नाही. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं. पुढं फाटक आहे, शिटी वाज, असा तो इंजिन ड्रायव्हरला निरोप आहे. ऊसतोडीची पोरं तिला टेकून तंबाखू मळत बसतात, एवढंच कारण सांगायचं, बाकी ती चांगली पाटी आहे.

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि पोलिसांना बोलावून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम तुम्ही करता, पेपरात फोटो येतो. त्याच दिवसातला अर्धा दिवस याला द्या. जवळच्या फाटकाचे मोठे फोटो काढा, आपल्याच फाटकाचे, पुस्तकातले नकोत. दोन पट्ट्यांची पाटी कुठं आहे, एक पट्टीची कुठं, कमान कुठं, पलीकडं किती जागा आहे हे ड्रायव्हरला त्याच्याच रस्त्यावर दाखवा. पाटी झाडात लपली असेल किंवा कुणी लग्नाचा फ्लेक्स लावून झाकली असेल तर तेही त्याच दिवशी कळेल. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लगेच पत्र द्या. एक फोटो काट्यावर लावा, एक गट ऑफिसात. तोडणी मजुरांच्या कोप्यांवर संध्याकाळी गेलात तर बैलगाडीवाले सगळे तिथंच भेटतात, त्यांना सभेला बोलावून ते येणार नाहीत. आणि ज्या फाटकावर रोज रांग लागते तिथं रात्री दहा ते पहाटे सहा तुमचा एक माणूस उभा करा, टॉर्च आणि शिट्टी घेऊन. त्यानं फक्त एवढंच बघायचं, पलीकडं जागा झाल्याशिवाय अलीकडचा ट्रॅक्टर सुटता कामा नये.

माझ्या भागातल्या कारखान्याला मी हे तोंडी सांगून झालं आहे, इतरांना या पत्रातून सांगतोय. ज्यांना शिकवणारा माणूस हवा असेल त्यांनी आपल्या जवळच्या रेल्वे स्टेशनात विचारावं. निवृत्त गेटमन, कीमन, स्टेशन मास्तर प्रत्येक गावात आहेत, फाटकाविषयी बोलायला मिळालं तर मानधनाचा विषय कुणी काढणार नाही. फक्त सभा दुपारी चारच्या आत ठेवा. त्यानंतर ड्रायव्हर फडाकडं निघालेले असतात.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद आणि निवृत्त गेटमन